दोन अँप, एक सब: कॉइल, स्ट्रॅप आणि करंटचा हिशेब

गाडीच्या डिकीत ५०० वॅटचा एक मोनोब्लॉक (बेससाठीचा एका चॅनलचा अँप्लिफायर, म्हणजे अँप) बसलेला आहे आणि तसाच दुसरा कुणीतरी अर्ध्या किमतीत विकतोय. दोन्ही मिळून एकाच सबवूफरला लावले तर १००० वॅट मिळतील का? मिळतील. मात्र दोन्ही अँपच्या आउटपुट वायरी एकत्र पिळून सबच्या टर्मिनलला दिल्या, तर मिळेल तो जळक्या बोर्डाचा वास. बरोबर रस्ते तीन आहेत: प्रत्येक अँपला वेगळा सब, प्रत्येक अँपला एकाच सबची वेगळी कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं), नाहीतर स्ट्रॅपिंग, म्हणजे दोन अँप एकमेकांच्या उलट चालवून एकाच कॉइलला लावणं. यातलं स्ट्रॅपिंग ऐकायला सगळ्यात भारी वाटतं, आणि बहुतेक गाड्यांना त्याची गरजच नसते.

आधी या सगळ्यातून हाती काय लागणार ते बघू. पॉवर दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. ५०० चे १००० वॅट झाल्यावर फरक कळतो, पण छाती हादरत नाही. त्याच दुसऱ्या अँपसोबत दुसरा तसाच सब आणला तर गणित बदलतं. ३ डेसिबल वाढीव पॉवरचे आणि जवळजवळ ३ डेसिबल दोन कोन मिळून हवा ढकलतात त्याचे, असे ६ पदरात पडतात. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ७ मीटर असते. तिच्यासमोर डिकीतले शेजारी-शेजारी ठेवलेले दोन सब म्हणजे एकच मोठा सब. त्यामुळे डिकीत जागा असेल तर पहिली पसंती दोन सब, दोन अँप यालाच. हॅचबॅकमध्ये अडचण अशी, की दुसरा बॉक्स आत गेला की आपल्या गोव्यात चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं) सामान मांडीवर घेऊन यावं लागतं. तेव्हा सब एकच ठेवायचा असेल तर पुढचं वाचा.

आउटपुट एकमेकांना का जोडायचे नाहीत

दोन बॅटऱ्या समांतर जोडतात तसे दोन अँप समांतर जोडता येत नाहीत. अँपचा स्वतःचा आउटपुट रोध फार कमी असतो. डँपिंग फॅक्टर (स्पीकरचा ओहम भागिले अँपचा रोध) २०० लिहिलेला अँप ४ ओहमवर म्हणजे ०.०२ ओहमचा. दोन अँप अगदी सारखे सेट केले तरी ३० व्होल्टच्या शिखरावर एकाचे ३० आणि दुसऱ्याचे २९ भरतातच. हा १ व्होल्टचा फरक दोघांच्या मिळून ०.०४ ओहममधून जातो तेव्हा २५ अँपिअर करंट सबला न शिवता एका अँपमधून दुसऱ्यात वाहतो. मॉसफेट (अँपमधले पॉवर ट्रान्झिस्टर) तापतात, नशीब चांगलं असेल तर प्रोटेक्टचा लाल दिवा लागून अँप बंद होतो, नसेल तर मॉसफेट शॉर्ट होतो.

आणखी एक जोडणी नेहमी दिसते: एका अँपचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस सबला. अँपचा मायनस आतून ग्राउंडला जोडलेला असेल तर सर्किट गाडीच्या पत्र्यातून पूर्ण होतं, सब वाजतो, आणि लावणारा खूश होतो. प्रत्यक्षात वाजतो एकटा पहिला अँप. दुसरा नुसता गरम व्हायला बसलेला असतो.

एक अँप, एक कॉइल

ड्युअल व्हॉइस कॉइलच्या सबमध्ये एकाच नळीवर दोन वेगळ्या कॉइली गुंडाळलेल्या असतात. बाजारात बहुतेक २+२ किंवा ४+४ ओहम. २+२ वाली समांतर जोडली तर १ ओहम, सिरीजमध्ये ४. ४+४ वाली समांतर २, सिरीज ८. वेगवेगळी ठेवली तर प्रत्येक अँपला एका कॉइलचाच ओहम दिसतो. अँप ४ ओहमवर ३०० आणि २ ओहमवर ५०० वॅट देत असेल, तर ४+४ च्या सबवर दोन अँप मिळून ६०० आणि २+२ च्या सबवर १०००. म्हणजे दुसरा अँप घेण्याआधी सबच्या चुंबकामागचं लेबल वाचायचं. लेबल उडालं असेल तर मल्टिमीटरने कॉइलचा डीसी रोध मोजायचा. २ ओहमची कॉइल साधारण १.६ ते १.९ दाखवते, ४ ओहमची ३.२ ते ३.७. स्वस्त मीटरच्या प्रोबचाच रोध ०.२-०.३ असतो, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येईल तो आकडा वजा करा.

आता पोलॅरिटी. १.५ व्होल्टचा सेल घ्या, त्याचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर यायला हवा. दुसऱ्या कॉइललाही तेच. एकीने बाहेर आणि दुसरीने आत गेला तर कुठलं तरी टर्मिनल उलटं आहे. ही तपासणी दोन मिनिटांची, पण टाळली तर नुकसान मोठं. दोन कॉइली एकमेकींविरुद्ध ढकलत असतील तर कोन जागचा हलत नाही. बेस नाही म्हणून माणूस आवाज वाढवतो. कोन हलत नाही म्हणजे कॉइलला वारा नाही, आणि १००० वॅटची उष्णता तिथेच कोंडते. मग डिंक सुटल्याचा वास येतो.

दोन्ही अँप एकाच मॉडेलचे हवेत, जमलं तर एकाच आवृत्तीचे. वेगळ्या कंपनीच्या अँपचा फिल्टर वेगळा, त्यामुळे फेज (लाटेची वेळ) वेगळी. एक कॉइल ढकलत असताना दुसरी अजून मागे. लो-पास फिल्टरच्या (वरचे सूर कापणाऱ्या) गोल बटणांवर कधीच विश्वास ठेवू नका. दोन्ही ८० हर्ट्झवर ठेवली तरी एक ७० ला आणि दुसरं ९५ ला कापत असू शकतं. उपाय सोपा आहे: दोन्ही अँपचे फिल्टर पूर्ण वर नेऊन ठेवा आणि कापायचं काम एकट्या हेडयुनिटला (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टमला) द्या. बेस बूस्ट दोन्हीकडे शून्य. सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) असेल तर दोन्हीकडे बंद किंवा दोन्हीकडे अगदी खाली.

एका अँपची आरसीए (सिग्नलची केबल) खड्ड्यात निसटली तर आवाज नुसता ३ डेसिबलने पडत नाही, त्याहून जास्त पडतो. जोर अर्धा झाला की ६ डेसिबल तिथेच गेले. त्यात तो दुसरा अँप चालू पण गप्प असतो, त्याच्या कमी रोधामुळे त्याची कॉइल शॉर्ट केल्यासारखी वागते आणि कोनला ब्रेक लावते. बेस अचानक मेल्यासारखा वाटला तर पहिल्यांदा आरसीएच तपासा.

स्ट्रॅपिंग: कधी आणि कसं

स्ट्रॅपिंगमध्ये एक अँप मास्टर आणि दुसरा स्लेव्ह. स्लेव्हला सिग्नल १८० अंश उलटा मिळतो. मास्टरचा प्लस सबच्या प्लसला, स्लेव्हचा प्लस सबच्या मायनसला, आणि दोन्ही अँपचे मायनस ४ चौरस मिलिमीटरच्या वायरने एकमेकांना. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली, म्हणून सबला दुप्पट व्होल्टेज मिळतं. पण प्रत्येक अँपला सबच्या निम्मा ओहम दिसतो. ४ ओहमचा सब म्हणजे प्रत्येकाला २ ओहम, २ ओहमचा सब म्हणजे प्रत्येकाला १. अँपला १ ओहमची परवानगी नसेल तर २ ओहमवर स्ट्रॅप करायचं नाही, विषय संपला.

आता वरचंच उदाहरण घ्या. २+२ चा सब सिरीजमध्ये जोडला, ४ ओहम झाला, दोन अँप स्ट्रॅप केले. प्रत्येकाला २ ओहम, प्रत्येकी ५०० वॅट, एकूण १०००. कॉइली वेगवेगळ्या ठेवल्या तेव्हाही १०००च होते. पैसा तोच, वॅट तेच, वर एक जास्तीची केबल आणि चुकण्याच्या चार जास्त जागा. म्हणून सबला दोन कॉइली असतील तर स्ट्रॅपच्या भानगडीत पडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. एकाच कॉइलचा चांगला सब हातात असेल, तेव्हाच स्ट्रॅपिंगला अर्थ आहे.

तेही अँपवर मास्टर-स्लेव्ह असा स्विच किंवा स्ट्रॅपसाठी वेगळा इनपुट-आउटपुट असेल तरच. फेजचा ०-१८० स्विच आहे म्हणून साधे अँप स्ट्रॅप करण्याचा मोह होतो. त्याआधी एक गोष्ट तपासा. अँपच्या सगळ्या वायरी काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक प्रोब स्पीकरच्या मायनसवर आणि दुसरी पॉवरच्या ग्राउंडवर. बीप वाजला नाही तर त्या अँपचा मायनसही आतून चालवला जातो, म्हणजे अँप आधीच आतल्या आत ब्रिज आहे. आजकालचे बरेच क्लास डी (वेगाने स्विचिंग करून चालणारे) मोनोब्लॉक असेच असतात. अशा दोन अँपचे मायनस एकत्र केले की उलट दिशेने चालणारे दोन आउटपुट थेट शॉर्ट होतात. बीप वाजला तरी मॅन्युअलमध्ये स्ट्रॅपिंगचं पान नसेल तर आम्ही करणार नाही.

स्लेव्ह मोडमध्ये बहुतेक अँपचे स्वतःचे गेन (इनपुटची पातळी ठरवणारं बटण) आणि फिल्टर बाजूला पडतात, सगळं मास्टरवरून चालतं. बेसचा रिमोट नॉबही मास्टरलाच लावायचा. आणि खूण लक्षात ठेवा: सगळं जोडलं, दोन्ही अँप हिरवे, पण सब जेमतेम हलतो, तर स्लेव्हचा सिग्नल उलटा झालेला नाही. दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज असेल तर मधल्या कॉइलला काहीच मिळत नाही.

सिग्नल आणि गेन

हेडयुनिटच्या सब आउटमधून एक आरसीए आणून डिकीत वाय-स्प्लिटरने दोन करा. अँपचा इनपुट रोध हजारो ओहमचा असतो, दोन जोडल्याने सिग्नल पडत नाही. अँपला लाइन-आउट असेल तर त्यातून दुसऱ्याला द्यायला हरकत नाही, फक्त तो आउट फिल्टरच्या आधीचा आहे की नंतरचा ते मॅन्युअलमध्ये बघा. कंपनीच्या टचस्क्रीनला आरसीए नसेल तर मागच्या स्पीकरच्या वायरवरून एकच लाइन कन्व्हर्टर घेऊन मग वाटणी करा. एका अँपला डावा आणि दुसऱ्याला उजवा स्पीकर, असं अजिबात नको. दोन्ही कॉइलींना अक्षरशः एकच सिग्नल हवा.

गेन कानाने लावायचा नसतो. सब सुटा करा, इंजिन चालू ठेवा, इक्वलायझर सपाट, हेडयुनिटचा आवाज तीन चतुर्थांश (४० पर्यंत जात असेल तर ३०), आणि ५० हर्ट्झचा ० डेसिबलचा साइन टोन लावा. ५० हर्ट्झ अशासाठी की साधा मल्टिमीटर घरच्या विजेसाठी, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेला असतो. मीटर एसी व्होल्टवर. हवं ते व्होल्टेज म्हणजे वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ५०० वॅट आणि २ ओहमला ३१.६ व्होल्ट, ३०० वॅट आणि ४ ओहमला ३४.६. आम्ही थोडं खाली थांबा म्हणू. ओझ्याखाली बॅटरीचं व्होल्टेज पडतं आणि सुट्या अँपवर स्वच्छ दिसलेले ३१.६ व्होल्ट गाणं लागल्यावर क्लिप होतात, म्हणजे लाटेची शिखरं कापली जातात. २९ व्होल्टवर ठेवलं तर प्रत्येकी ४२० वॅट होतात, म्हणजे एक डेसिबलसुद्धा कमी नाही.

दोन्ही अँप वेगवेगळे लावून झाले की खरी जुळवणी. तोच टोन चालू ठेवून मीटरची एक प्रोब पहिल्या अँपच्या प्लसवर, दुसरी दुसऱ्याच्या प्लसवर. दोन्ही सारखे असतील तर आकडा शून्याजवळ येतो. दुसऱ्याचा गेन केसभर इकडेतिकडे करून आकडा सगळ्यात खाली आणा. कितीही फिरवलं तरी अर्ध्या व्होल्टाच्या खाली जात नसेल तर फरक गेनचा नाही, फेजचा आहे. कुठला तरी फिल्टर चालू राहिलाय. स्ट्रॅप केलेल्या जोडीत हाच आकडा उलट दुप्पट यायला हवा, २९ चे ५८. एवढं एसी व्होल्टेज ओल्या हाताला चांगलाच झटका देतं, जूनमध्ये हे काम करताना हात पुसून घ्या.

रिमोट वायरकडे कुणी बघत नाही. हेडयुनिटची निळी-पांढरी वायर थोडाच करंट द्यायला असते, आणि तिच्यावर दोन अँप, एक पंखा, वर एक एलईडी पट्टी टांगली की ती आतून जाते. चार पिनांचा साधा ऑटो रिले लावा: ८६ ला रिमोट, ८५ ला अर्थ, ३० ला ५ अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरी, ८७ मधून दोन्ही अँपचे रिमोट. ८५-८६ वर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू ८६ कडे. दोन्ही अँप एकाच क्षणी चालू-बंद होतात, ठप्प आवाज येत नाही.

करंट कुठून आणणार

खरा खर्च इथे आहे, आणि जोडण्या फसतात त्याही इथेच. क्लास डी अँप ८० टक्के कार्यक्षम धरला तर १००० वॅट बाहेर काढायला १२५० वॅट आत जावे लागतात. १३.५ व्होल्टला ते ९३ अँपिअर होतात. गाण्यात बेस सतत नसतो, त्यामुळे सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते, पण प्रत्येक ठोक्याला वायरीने पूर्ण करंट द्यावाच लागतो. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर बहुधा ७० ते ९० अँपिअरचा, तोही पूर्ण फेऱ्यांवर. जुलैतल्या रात्री पर्वरीच्या ट्रॅफिकच्या रांगेत गाडी उभी आहे, एसी, वायपर, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर चालू आहे आणि इंजिन ८०० फेऱ्यांवर आहे, तर अल्टरनेटरकडे अँपसाठी फारसं काही उरत नाही. उरलेलं बॅटरी देते. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी समुद्रकिनारी इंजिन बंद करून अशा सेटअपवर अर्धा तास वाजवली तर परत स्टार्ट होईल याची खात्री नाही. तसंही रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर मोठ्या आवाजाला कायद्याने मनाई आहे.

एक फॅरॅडचा कपॅसिटर घ्या, असं दुकानात हमखास सुचवतात. हिशेब करा: १ फॅरॅड १ व्होल्टने खाली येताना १ कुलंब देतो, म्हणजे १०० अँपिअर एका सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी. ४० हर्ट्झचं एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचं असतं. कपॅसिटर त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. तेवढ्या पैशात वायर जाड घ्या.

वायर आपल्याकडे चौरस मिलिमीटरमध्ये मिळते, किटवर मात्र गेज लिहिलेलं असतं. ८ गेज म्हणजे ८.४ चौरस मिमी, ४ गेज म्हणजे २१, शून्य गेज म्हणजे सुमारे ५३. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर धरा. १६ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरमध्ये ९३ अँपिअरला ०.५६ व्होल्ट पडतात, २५ मध्ये ०.३६, ३५ मध्ये ०.२६. या जोडीला मुख्य वायर ३५ ची घ्या. म्हापसा किंवा मडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारी वेल्डिंग केबल चालते, लवचीक असते, तिचं रबर तेला-उष्णतेला टिकतं. फक्त ती तांब्याचीच आहे ना ते बघा, कारण अॅल्युमिनियमचीही तशीच दिसते.

स्वस्त ‘अँप वायरिंग किट’मधली वायर बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असते. तिची वहनक्षमता शुद्ध तांब्याच्या ६०-६५ टक्केच, आणि वरचं इन्सुलेशन मुद्दाम जाड, म्हणजे हातात घेतल्यावर वाटतं केवढी ती वायर. एक तार ब्लेडने खरवडा: आतून चांदीसारखी दिसली तर परत करा. आपल्या हवेत ही वायर दुहेरी नडते. कापलेल्या टोकाला तांबं आणि अॅल्युमिनियम दोन्ही उघडे पडतात, खारी ओल मिळाली की तिथे पांढरी पूड धरते, सांधा तापतो. किनाऱ्याजवळ राहत असाल तर टिनचा मुलामा दिलेली तांब्याची वायर, थिंबल (वायरीच्या टोकाचं कडं) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून, वर आतून डिंक असलेली हीट-श्रिंक नळी. पक्कड मारून चपटं केलेलं थिंबल एका पावसाळ्याचं सोबती.

जोडणीला हात लावण्याआधी बॅटरीचा मायनस काढा. प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य एएनएल (बोल्टने आवळायचा मोठा) फ्यूज. प्रत्येक अँपवर ३०-३० चे दोन फ्यूज असतील तर एकूण १२०, म्हणून मुख्य फ्यूज १२५ किंवा १५०. हा फ्यूज अँपला वाचवायला नसून वायरीला वाचवायला असतो, त्यामुळे तो डिकीत लावला तर निरुपयोगी. मधली पाच मीटर वायर पत्र्याला घासली की आग लागायला तेवढं पुरे. फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट हवाच. पॉवर गाडीच्या एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. डिकीत फ्यूजवाला डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक, त्यात प्रत्येकी ६० चा फ्यूज, तिथून १६ चौरस मिमीची वायर प्रत्येक अँपला, दोन्हींची लांबी सारखी.

अर्थ दोन्ही अँपचा एकाच बोल्टवर. दोन वेगळ्या ठिकाणी दिला तर दोन ठिकाणांमधला मिलिव्होल्टचा फरक आरसीएच्या शील्डमधून वाहतो आणि इंजिनच्या फेऱ्यांबरोबर शिट्टी वाजते. अर्थची वायर प्लसइतकीच जाड, अर्ध्या मीटरच्या आत. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. पत्र्याला ८ मिमीचा बोल्ट बसवा, पण भोक पाडण्याआधी खाली वाकून पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी कुठे आहे ते बघा. रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर, थिंबल, नट, आणि घट्ट झाल्यावर वरून खालून झिंक प्रायमर आणि ग्रीस. आपल्याकडे उघडा घासलेला पत्रा जूनमध्ये सोडला तर ऑगस्टमध्ये तिथे तांबूस पापुद्रा असतो, आणि गंज वीज वाहत नाही. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट सेन्सर असतो. त्यांच्यात अँपचा अर्थ थेट बॅटरीच्या खांबावर नेऊ नये. सेन्सरला तो करंट दिसत नाही आणि गाडीचा कॉम्प्युटर चार्जिंगचा चुकीचा अंदाज घेतो.

बॉनेटखालच्या तीन वायरींनाही जोड द्या: अल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी, इंजिन ते बॉडी. कंपनीच्या वायरी तशाच राहू द्या, त्यांच्या जोडीला २५ किंवा ३५ ची टाका. अल्टरनेटरच्या वायरीलाही फ्यूज हवा.

अँप सबच्या बॉक्सवर ठोकू नका, कंपनाने सोल्डर सुटतं. १२ मिमीच्या मरीन प्लायच्या फळीवर बसवा, एमडीएफ दमट हवेत फुगतो आणि स्क्रू ढिले होतात. दोन अँपमध्ये चार बोटं मोकळी जागा, पंख्याचं तोंड भिंतीला नको, आणि स्टेपनीच्या खळग्यात तर नकोच. पावसाचं पाणी पहिल्यांदा तिथेच साचतं.

बिघाड कुठे शोधायचा

दोन्ही अँप मोठ्या ठोक्याला एकदम बंद पडून परत चालू होतात: व्होल्टेज पडतंय. अँपच्या टर्मिनलवर मीटर लावून गाणं वाजवा. ठोक्याला ११ च्या खाली गेलं तर आधी एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी अँपच्या ग्राउंडवर ठेवून मोजा, ०.२ पेक्षा जास्त आलं तर दोष अर्थचा. मग तसंच प्लस ते प्लस मोजा, ०.५ च्या वर असेल तर फ्यूजचा सांधा किंवा वायर. दोन्ही ठीक असूनही ११ च्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा अल्टरनेटर.

एकच अँप जास्त तापतो: गेनची जुळवणी सुटली किंवा त्याच्या कॉइलचा ओहम पडलाय. दोन्ही कॉइली परत मोजा, ०.३ पेक्षा जास्त फरक असेल तर सब दुरुस्तीला. दोन्ही अँपच्या स्पीकर वायरी अदलाबदल करून बघा. उष्णता वायरीबरोबर दुसरीकडे गेली तर दोष सबचा, तिथेच राहिली तर अँपचा. स्पीकर वायर काढल्यावरही एक अँप चालू होताच प्रोटेक्टमध्ये जात असेल तर त्याचा आउटपुट गेलाय.

शिट्टी काल नव्हती आणि आज दोन्ही अँपवर आहे, तर अर्थचा बोल्ट ढिला झाला होता का ते बघा. अर्थ सुटलेला अँप आपला करंट आरसीएच्या शील्डमधून परत पाठवतो आणि हेडयुनिटमधला आरसीएच्या ग्राउंडचा बारीक फ्यूज उडतो. नंतर बोल्ट आवळला तरी शिट्टी जात नाही. खात्री करायला हेडयुनिटच्या मागून आरसीएच्या बाहेरच्या कडेपासून युनिटच्या पत्र्यापर्यंत एक तुकडा वायर टेकवा. शिट्टी थांबली तर फ्यूज गेलाय, तो बदलून घ्यावा लागेल.

दोन क्लास डी अँप अगदी चिकटून बसवले तर कधीकधी सबमधून नाही, पण बाकीच्या स्पीकरमधून बारीक सूं आवाज येतो, इंजिन बंद असतानाही. दोघांच्या स्विचिंग फ्रिक्वेन्सीत थोडा फरक असतो आणि त्या फरकाचाच सूर आरसीएत शिरतो. अँप हातभर लांब करा, आरसीए पॉवरपासून दूर वळवा. आणि आकाशवाणी पणजीचा एफएम अँप चालू झाल्यावर खरखरू लागला तर छतावरच्या अँटेनाची वायर कुठल्या पॉवर वायरीजवळून खाली येतेय ते बघा. ती दुसऱ्या खांबातून उतरवली की बहुतेक वेळा काम होतं.